पहिली डाइव्ह वजनासाठी

या प्रकरणात अपघात नाही. कोणी बुडालं नाही, कोणाला हॉस्पिटलात न्यावं लागलं नाही. ज्या जागेसाठी दोन महिने तयारी केली, तिथे तर आम्ही पाण्यात पायसुद्धा घातला नाही. तरी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या थंड समुद्रातल्या पहिल्या डाइव्हची तयारी कशी केली आणि पुढे काय झालं, हे आमच्या डायव्हिंगच्या कंपूतल्या तिघाचौघांनी विचारलं, म्हणून आकड्यांसकट आणि माझ्या चुकीसकट लिहून काढतोय.

माणसं दोन. एक मी: वय ५१, राहणार कोथरूड, पोटापाण्याला वाहनांच्या सुट्या भागांचं डिझाइन आणि शनिवार-रविवारी टँकवर नवख्यांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवणारा हौशी डाइव्हमास्टर. (पुण्यात टँक म्हणजे पोहायचा तलाव. गोंधळ नको म्हणून पाठीवरच्या टाकीला इथे सिलिंडरच म्हणतो.) दुसरी माझी भाची: वय २७, नोकरी कॅलिफोर्नियात सॅन होजेला, डायव्हिंग शिकली तारकर्लीला आणि अंदमानात हॅवलॉकला. तिच्या डाइव्ह २३, माझ्या १४० च्या वर. सगळ्या २७ ते २९ अंश पाण्यातल्या. थंड पाण्याच्या हिशोबाने दोघांचाही अनुभव शून्य होता. फरक इतकाच, की तिला ते ठाऊक होतं आणि मला फक्त तोंडाने कबूल होतं.

ताई सध्या लेकीकडे राहते. एप्रिलात तिच्याकडे तीन आठवडे जायचं ठरलं आणि भाचीने फोनवर विषय काढला: मॉन्टेरे घरापासून दीड तासावर आहे, तिथलं केल्पचं जंगल पाण्याखालून बघायचं. केल्प म्हणजे खडकाला धरून सरळ वर पृष्ठभागापर्यंत वाढणारं शेवाळ, पण शेवाळ हा शब्द त्याला फार तोकडा पडतो. ३० मीटर उंच दोर, त्यांना हवेच्या फुग्यांवर तरंगणारी पानं, आणि अनुकूल पाण्यात दिवसाला हात-दीड हात वाढ. मी लगेच हो म्हटलं.

तारीख आधी, समुद्र मागून

पहिली चूक इथेच झाली आणि ती पुरती सुधारता आली नाही. पुणेकराच्या डोक्यात एप्रिल म्हणजे उन्हाळा. कोकणातही एप्रिल-मे म्हणजे पाऊस पडून समुद्र बंद व्हायच्या आधीचं कोमट, बऱ्यापैकी शांत पाणी. रजा टाकली, तिकीट काढलं, आणि मग कॅलिफोर्नियाच्या समुद्राबद्दल वाचायला बसलो.

तिथे वसंतापासून वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर जोरात वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं आणि त्याची जागा भरायला खोलातलं गार पाणी वर येतं. मॉन्टेरेच्या उपसागरात तर समुद्राखालची प्रचंड दरी मॉस लँडिंगच्या किनाऱ्यालगतच सुरू होते आणि पुढे तीन हजार मीटरांपेक्षा खोल जाते, म्हणजे गार पाण्याला तोटा नाही. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात याच जातीची घडामोड होते. परिणाम असा, की वर ऊन वाढत असताना पाणी वर्षातलं सर्वात थंड, १० ते १२ अंश. खोलातून आलेल्या खतावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि पाणी हिरवं, गढूळ होतं. हेच पाणी सप्टेंबर ते नोव्हेंबरात निवळतं, जरा ऊबही धरतं. जाणकार तेव्हा जातात.

तिकीट बदलायला गेलो तर दंड भरपूर होता. मग ठरवलं, जायचं एप्रिलातच, पण अपेक्षा त्या बेताने ठेवायच्या. हे ठरवणं सोपं होतं. पाळणं किती जड गेलं ते पुढे येईल.

पुण्यात बसून काय ठरलं

आमच्या फोनची वेळ रात्री साडेनऊ, तेव्हा तिच्याकडे सकाळचे नऊ. साडेबारा तासांचा फरक असल्याने एक जण नेहमी दमलेला आणि एक ताजा. बहुतेक वेळा दमलेला मी असायचो, आणि त्यामुळे निर्णय बरे झाले असं आता वाटतं.

सूटचा निर्णय पटकन झाला. ड्रायसूटमध्ये आत पाणी येत नाही, ऊब राहते, मोह होतोच. पण त्यात हवा खेळवायची असते. ती पायात गेली तर माणूस उलटा होऊन वर जातो. ते वेगळं शिकावं लागतं, आणि अनोळखी पाण्यात तीन दिवसांत शिकायची ती गोष्ट नव्हे. म्हणून ७ मिलिमीटरचा दोन तुकड्यांचा वेटसूट: खालचा बिनबाह्यांचा, वरून जाकीट, म्हणजे छाती-पोटावर १४ मिलिमीटर. शिवाय हूड (डोकं-कान झाकणारी टोपी), बूट, ५ मिलिमीटरचे हातमोजे. सगळं तिथे भाड्याने. माझा लाडका रेग्युलेटर (सिलिंडरातली हवा तोंडात देणारं यंत्र) पुण्यातच ठेवला. थंड पाण्यासाठी तयार केलेला नव्हता, आणि गारठ्यात झडप आतून गोठून हवा सुसाट सुटली तर त्याच्यावरचं प्रेम कामाला येत नाही.

हातमोज्यांची मात्र तालीम केली. बोहरी आळीतून सर्वात जाड रबरी हातमोजे आणले आणि टँकवर ते घालून बकला उघडणं, वजनाचा पट्टा सोडणं, बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) हवा भरणं-सोडणं हे सगळं डोळे मिटून केलं. पहिल्या रविवारी मी हवा सोडायच्या ऐवजी तीनदा भरली. बोटांना दोन बटणांतला फरकच कळेना. त्यानंतर आम्ही दोघांनी, ती तिकडे आणि मी इकडे, बटण न शोधता नळी वर धरून अंगठ्याने वरचं टोक चाचपायची सवय लावून घेतली.

दुसरी तालीम गच्चीवर. घमेल्यात पाणी, त्यात बर्फाच्या दुकानातून आणलेला चार किलो बर्फ, शेजारी प्रयोगशाळेचा थर्मामीटर. ११ अंश झाल्यावर मास्क न लावता चेहरा बुडवायचा आणि तोंडातल्या रेग्युलेटरने शांत श्वास घ्यायचा. गार पाणी चेहऱ्याला आणि मानेला लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो, मग धाप लागते. पहिली दोन-तीन मिनिटं ही धाप आवरणं हीच खरी परीक्षा. पहिल्या खेपेला मी नऊ सेकंदांत डोकं वर काढलं. शेजारचे आजोबा कठड्यावरून बघत होते. म्हणाले, "वाफ घेताय का? मग पाणी गरम लागतं." आठवडाभराने चार मिनिटं जमली.

डॉक्टरकडेही गेलो. पन्नाशीनंतर रक्तदाबाचा थोडा इतिहास असेल तर हे टाळू नये. गार पाण्यात हातापायांतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त छातीकडे येतं, आणि क्वचित कोणाच्या फुप्फुसात पाणी साठायला लागतं, तेही नाकातोंडात थेंब न जाता. पाण्यात विनाकारण दम लागला, खोकला आला, फेस आला की डाइव्ह तिथेच संपली. भाचीला हे सांगून ठेवलं होतं, कारण अशा वेळी ज्याला होतंय तो ओळखत नाही. प्रवासविम्याचा कागद वाचला तर त्यात स्कूबा सरळ वगळलेलं. वेगळा विमा घेतला.

जागांचा अभ्यास भाचीने केला. मॉन्टेरे गावात कॅनरी रो या रस्त्याच्या टोकाला सॅन कार्लोस बीच आणि त्याला लागून दगडी ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा धक्का. उतार सौम्य, वायव्येची लाट तिथे पोचेपर्यंत बरीच मोडलेली, पार्किंग आणि शॉवर जवळ, खोली ३ मीटरपासून १५-१८ पर्यंत. शिकाऊ लोक तिथेच जातात. दुसरं टोक म्हणजे कार्मेलजवळचा मोनास्टेरी बीच: दिसायला देखणा, पण वाळू जाडीभरडी आणि उतार इतका खडा की लाट अगदी पायाशी फुटते आणि माणसाला परत आत ओढते. इतके जण तिथे दगावले आहेत की स्थानिक डायव्हर त्याला मॉर्च्युअरी बीच म्हणतात. तो पहिल्याच फोनवर बाद. अवघडपणात या दोन्हींच्या मध्ये पॉइंट लोबोसचं राखीव क्षेत्र. तिथे व्हेलर्स कोव्हमधून उतरायचं, आधी बुकिंग, सोबत बडी (जोडीदार) हवाच, सर्टिफिकेट दाखवायचं, आणि दिवसाला मोजक्याच जोड्या. फोटो लोबोसचेच असतात. शनिवारचं बुकिंग मिळालं आणि त्या रात्री मला झोप लागेना.

मग एक कागद केला. पहिली डाइव्ह १० मीटरपेक्षा उथळ. वर येताना सिलिंडरात ७० बार दाब शिल्लक. दोघांपैकी कोणीही नको म्हटलं की कारण विचारायचं नाही. आणि समुद्राचा आकडा: मॉन्टेरेबाहेर अमेरिकी हवामान खात्याचा ४६०४२ क्रमांकाचा तरंगता बॉया आहे, तो लाटेची उंची आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत सांगतो. उंची २.५ मीटरच्या वर आणि अंतर १४ सेकंदांच्या वर असेल तर लोबोसला उतरायचं नाही.

सेकंदांवर आम्ही अडून बसलो त्याला कारण आहे. खोल समुद्रात लाटेची लांबी ढोबळमानाने सेकंदांचा वर्ग गुणिले दीड मीटर. ८ सेकंदांची लाट १०० मीटर लांब, १६ सेकंदांची ४००. लाटेचा हेलकावा तिच्या निम्म्या लांबीइतका खोल जातो. म्हणजे १६ सेकंदांची लाट वरून गुळगुळीत, निरुपद्रवी दिसते आणि १२ मीटरवरच्या माणसाला झोपाळ्यासारखी पुढे-मागे खडकांवर नेते. मालवणात आपण नुसती उंची विचारतो. ती सवय इथे पुरत नाही.

एककांवरूनही एक भांडण झालं. खोली दाखवणारा माझा डाइव्ह कॉम्प्युटर मीटरमध्ये, तिने भाड्याने घेतलेला फुटांत. पाण्याखाली तिने पाटीवर ३० लिहिलं तर मी काय समजायचं? शेवटी माझा फुटांत बदलला आणि पाटीच्या मागे सिलिंडरातल्या दाबाचा हिशोबही लिहून घेतला: ३००० पीएसआय म्हणजे २०७ बार, १००० म्हणजे ६९.

वजनाचा हिशोब

सगळ्या नियोजनात मी सर्वात जास्त डोकं इथे चालवलं आणि इथेच तोंडावर आपटलो. म्हणून हे जरा फोडून सांगतो.

सूट तरंगतो, म्हणून बुडायला शिशाचं वजन बांधावं लागतं. मालवणात ३ मिलिमीटरच्या सुटावर मला ५ किलो लागतात. जास्त वजन घालणारा डायव्हर कच्चा, हे मी दर रविवारी पोरांना सांगतो. वजन जास्त असलं की बीसीडीत हवा जास्त, तोल जातो, पाय तळाला लागून प्रवाळ मोडतं. उबदार पाण्यात हे अगदी खरं आहे. आमच्या मंडळीत कोण किती कमी किलोवर जातो याची छुपी चुरस असते आणि त्यात मी पुढे आहे.

७ मिलिमीटरचा सूट पुण्यात मिळाला नाही, म्हणून टँकवर ३ मिलिमीटरचे दोन सूट एकावर एक घातले. साडेसहा किलोंवर बरोबर बुडालो. टँकचं पाणी गोडं, समुद्राचं अडीच टक्क्यांनी जड. माणूस आणि सामान मिळून १०० किलो धरले तर अडीच किलो आणखी. एकूण ९ किलो, म्हणजे २० पौंड. कागदावर लिहिलं, खाली रेघ मारली. इंजिनिअरला असं उत्तर आवडतं.

चूक रीतीत नव्हती, मालात होती. ते दोन्ही सूट आमच्या कंपूत दहा वर्षं फिरलेले. निओप्रीनमध्ये, म्हणजे सुटाच्या रबरात, बारीक बुडबुडे असतात, ते दरवेळी दाबले जाऊन हळूहळू चपटे होतात. जुना सूट ३ मिलिमीटर म्हणायचा, पण तरंगवायला दोनाचाही नाही. शिवाय मी हूड, बूट, हातमोजे धरलेच नव्हते. आणि छातीवर १४ मिलिमीटर येणार हे माहीत असून तालीम सहावर केली.

गाइड घ्यायचा की नाही यावरूनही घोळ होता.

"मामा, पहिल्या दिवशी तिथला कोणीतरी बरोबर घेऊ या."

"अगं, मी स्वतः डाइव्हमास्टर आहे."

"तारकर्लीचा," ती म्हणाली.

गाइड घेतला.

शुक्रवार, ब्रेकवॉटर

सकाळी साडेसात. हवा १२ अंश, समुद्रावर धुकं, धक्क्याच्या टोकाला सी-लायन बापटवाड्यातल्या मंगळागौरीसारखे एका सुरात ओरडत होते. गाइडने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, तुला २८ ते ३० पौंड लागतील. मी माझा कागद दाखवला. २० म्हणत होतो, त्याच्या मानासाठी २२ केले. त्याने खांदे उडवले.

किनाऱ्यापासून साठेक मीटर पोहत गेलो. पाणी गुडघ्यापर्यंत सुसह्य, कमरेला नकोसं. पाठीच्या चेनीतून पहिली गार धार मणक्यावरून खाली गेली तेव्हा तोंडातून जे निघालं ते भाचीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. घमेल्याची तालीम मात्र उपयोगी पडली. चेहरा बुडवला, धाप आली, मोजून श्वास सोडला, मिनिटभरात बसली.

मग हवा सोडली आणि मी तिथेच. श्वास पूर्ण सोडला, पाणी कपाळापर्यंत आलं आणि पुन्हा बुचासारखा वर. डोकं खाली घालून पायातले फिन मारत गेलो, ३ मीटरवर पोचलो, थांबलो की परत वर. असं चार वेळा. चौथ्या वेळी वर आलो तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती आणि काटा ३० बारांनी उतरला होता. डाइव्ह अजून सुरूच झाली नव्हती. भाची ताईसारखीच बारीक; तिने गाइडच्या आकड्याप्रमाणे २४ पौंड घेतले होते आणि ती २ मीटरवर निवांत उभी राहून माझी गंमत बघत होती.

गाइड काही बोलला नाही. त्याने आपल्या खिशातून तीन-तीन पौंडांचे दोन तुकडे काढले आणि माझ्या बीसीडीच्या खिशांत एकेक टाकला. ते त्याने किनाऱ्यावरच माझ्यासाठी उचललेले होते. झाले २८. हवा सोडली आणि बुडालो.

पुढचं काम खाली सुरू झालं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, सुटातले बुडबुडे जवळजवळ निम्मे होतात, आणि वर तरंगवणारा सूट खाली दगा देतो. तेवढी हवा बीसीडीत भरायची, वर येताना तेवढीच वेळेवर सोडायची. मालवणात या दोन टोकांमध्ये किलो-दीड किलोचा खेळ असतो. इथे त्याच्या कितीतरी पट. शिवाय भरलेल्या सिलिंडरातली हवाच अडीच किलोंच्या वर असते, ती शेवटी उरत नाही. म्हणून वजन बरोबर आहे की नाही हे सुरुवातीला नव्हे, शेवटी कळतं: ५ मीटरवर, सिलिंडर उतरत आलेला असताना, बीसीडी रिकामी ठेवून स्थिर राहता येतं का. पहिल्या डाइव्हचं खरं काम एवढंच होतं. ते मला शेवटच्या तीन मिनिटांत जमलं, २८ वर.

मध्ये भाचीला एक झटका बसला. ४ मीटरवर तिने एकदम दगड धरला आणि डोळे मिटले. हूडमधून उजव्या कानात गार पाणी शिरलं होतं. एकाच कानाला गारवा लागला की आतली तोलाची यंत्रणा फसते आणि जग गरगरतं. हे आम्ही फोनवर बोललो होतो: दगड धर, वर पळू नकोस, कानातलं पाणी अंगाच्या उबेला येईपर्यंत थांब. मी तिचं मनगट धरून घड्याळ बघत बसलो. ४० सेकंदांनी तिने अंगठा आणि तर्जनी जोडून दाखवली. जाड मोज्यांत तो ठीकचा गोल बटाटेवड्यासारखा दिसत होता.

आकडे: पाणी ५२ फॅरनहाइट, म्हणजे ११ सेल्सियस. व्हिजिबिलिटी, म्हणजे पाण्यात दिसण्याचं अंतर, ४ मीटर. जास्तीत जास्त खोली ८ मीटर, वेळ २६ मिनिटं, हवा १७० वरून ७० बार. पृष्ठभागावरच्या दाबाच्या हिशोबाने मिनिटाला सुमारे २७ लिटर हवा. माझा मालवणातला आकडा १४ आहे. पुण्यात नियोजन करताना मी उदार होऊन २० धरले होते. ११ लिटरच्या सिलिंडरात १३० बार वापरायचे म्हटलं तर १० मीटरवर १४ लिटरने ५१ मिनिटं मिळतात, २० ने ३६, २७ ने साडेसव्वीस. लोबोसची आखणी मी ३५ मिनिटांची केली होती.

वर आलो तर वारा सुटलेला. पाण्यापेक्षा वाऱ्याने जास्त काकडलो, जाकिटाची चेन मला उघडेना. ताईने गाडीतून आल्याचा चहा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. "पन्नाशी उलटल्यावर कोणी सांगितलंय हे?" एवढंच म्हणाली. गाडीची किल्ली इलेक्ट्रॉनिक, पाण्यात नेता येत नाही, हेही मला पुण्यात सुचलं नव्हतं. ताई नसती तर ती कुठे ठेवणार होतो कोण जाणे.

दीड तासाने दुसरी डाइव्ह. यावेळी २८ वर बिनबोभाट खाली. १२ मीटर, ३१ मिनिटं, हवा मिनिटाला २४ लिटर. धक्क्याच्या दगडांवर हाताच्या पंजाएवढे तारामासे, आणि पुढे तुरळक केल्प. २०१३ नंतर तारामाशांची साथ, मग समुद्राची उष्णता आणि केल्प खाणाऱ्या जांभळ्या समुद्रसाळिंदरांचा (सी-अर्चिनचा) सुळसुळाट यांनी हे जंगल पुष्कळ जागी विरळ झालंय. पण एका दोरापाशी थांबून वर पाहिलं: हिरव्या पाण्यातून पानांमधून येणारा उजेड, आणि पानांवर पैशाएवढ्या गोगलगायी. वजन, हवा, कान सगळं तेवढ्यापुरतं डोक्यातून गेलं. त्या दिवशी प्रथमच मी काहीतरी बघत होतो.

शनिवार, व्हेलर्स कोव्ह

पहाटे साडेपाचला बॉया बघितला. २.९ मीटर, १६ सेकंद. कागदाप्रमाणे प्रश्न मिटला होता. पण बुकिंगचे पैसे भरलेले, परतीचं विमान रविवारी रात्री, आणि मी म्हणालो, "बघून तर येऊ." भाची गाडी चालवत होती. ती काही बोलली नाही.

कोव्हमध्ये पोचलो तर पाणी तळ्यासारखं. बोटी उतरवायच्या उतारावर शेवाळ, बाजूला खडक, त्यांना पाणी हलकेच चाटत होतं. सूट काढायला मी डिकी उघडलीही. भाचीने हात धरला नाही, वाद घातला नाही, फक्त घड्याळ लावलं आणि म्हणाली, "मामा, वीस मिनिटं नुसतं बघू."

११ मिनिटं काहीही झालं नाही. ती ११ मिनिटं या सगळ्या प्रकरणातली सर्वात धोक्याची होती असं मला वाटतं. दर मिनिटाला माझी खात्री वाढत होती की बॉया चुकीचा आणि मी बरोबर. बाराव्या मिनिटाला बाहेरची रेघ जाड झाली. पहिली लाट न फुटता नुसती फुगून आली आणि उतारावर आम्ही उभे होतो तिथून हातभर खाली थांबली. मग पाणी मागे गेलं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडले, त्यांच्यावरची पानं एका दिशेला लोळत होती. अशा पाच. मग पुन्हा तळं.

मी मनात हिशोब करत होतो. उतारावर, अंगावर १३ किलो शिसं, पाठीवर सिलिंडर, हातात फिन, आणि तेव्हा ही तिसरी लाट.

"आपण लिहिलंय ना?" भाची म्हणाली.

डिकी बंद केली.

हे इथे थांबवता आलं असतं, पण राहिलेलंही सांगायला हवं. आम्ही काठाच्या पायवाटेने फिरून, केल्पमध्ये स्वतःला गुंडाळून झोपलेला समुद्री ऊद बघून दीड तासाने परत आलो तेव्हा स्थानिक दोघे बाहेर येत होते. ड्रायसूट, हसरे चेहरे. म्हणाले, फार सुंदर होतं, ८ मीटर दिसत होतं, उतरताना आणि चढताना दोन लाटांच्या जथ्यांमधली वेळ साधली. म्हणजे त्या दिवशी तिथे डाइव्ह होऊ शकत होती. आमची नव्हती. त्यांना बघून मला जे वाटलं त्याला मत्सर हाच शब्द आहे.

उरलेलं

परतीचं गणित सोपं निघालं. सलग दिवसांच्या किंवा एकाहून जास्त डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास सोडायचे असतात, कारण अंगात मुरलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरू शकतो; आमचे साठ होत होते. सॅन होजेला जाताना सांताक्रूझवरून १७ नंबरचा रस्ता घेतला तर घाट साडेपाचशे मीटरपर्यंत चढतो, म्हणून शुक्रवारी आम्ही १०१ ने गेलो. हे भाचीला सांगताना माझीच जीभ अडखळली. तारकर्लीला दुपारी दुसरी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली चढणारे आणि रात्री कोल्हापुरात पांढरा रस्सा ओरपणारे आपणच. कोल्हापूर, पुणं दोन्ही साडेपाचशे मीटरच्या आसपास. त्यात गार पाणी असेल तर आणखी सांभाळायला हवं: अमेरिकी नौदलाच्या प्रयोगांत दिसलंय की तळाशी ऊब आणि वर येताना गारठा हा मेळ डीकम्प्रेशनला (तो नायट्रोजन अंगातून बाहेर पडायला) फार वाईट, आणि वेटसूटमध्ये नेमकं तेच होतं. आता आमच्या मालवण सहलींत शेवटच्या दिवशी पाण्यात जात नाही. कंपूतल्या दोघांनी त्यावरून सहलीतून नाव काढून घेतलं, ते चालेल.

गाइडला नंतर एक निरोप पाठवला, चुकीच्या कागदाचा फोटो जोडून. उत्तरात फक्त अंगठा आला.

ऑक्टोबरसाठी रजेचा अर्ज टाकलाय. यावेळी आधी समुद्र बघितला, मग तिकीट. दोन दिवस ब्रेकवॉटर, तिसऱ्या दिवशी लोबोस, आणि एक दिवस मोकळा, नुसता नको म्हणायला. नवा कागद भाचीने केलाय. हवेच्या रकान्यात तिने आमचे शुक्रवारचे आकडे भरलेत. वजनाच्या रकान्यात माझ्या नावापुढे ३० लिहिलंय. मी २८ म्हणतोय.